तरीचं भात

माझा जल्म मांडवखारचा, ह्याच खाडीच्या काठचा. माझं नाव धाकू. आमी जातीचे कोळी, पन माझ्या बापानं जाळं कधी खांद्यावर घेतलं न्हाय, तो तरीवर व्हता. तर म्हंजे खाडी पार करायची होडी, मास्तर, तुमी घाटावरचे म्हनून सांगतो. ह्या काठाचं मानूस त्या काठाला सोडायचं नि त्या काठाचं ह्या काठाला आनायचं, दिवसभर तेच. बाप गेला तवा मला मिसरूड फुटत व्हतं, नि त्याचं वल्हं तसंच माझ्या हातात आलं, कुनी दिलं न्हाय नि तुला पायजे का म्हनून कुनी इचारलं बी न्हाय.

तवा मुरुडला नबाबाचं राज्य. आमचं गाव खाडीच्या ह्या अंगाला, मुरुडचा बाजार त्या अंगाला. सुपारी घेऊन जायाचं तर तरीतून, मासळी घेऊन जायाचं तर तरीतून, कोर्टकचेरी, वैद्य, सोयरीक, सगळं तरीतून. नि ही तर मक्त्यानं जायाची. लिलावात जो जास्त बोलंल त्याची वरसभर तर. आमच्या तरीचा मक्ता एका शेठकडं, तो लांब शहरात ऱ्हायचा, मी त्याला सगळ्या जल्मात दोनदा पायला असंल. त्याचा मुकादम मात्र रोज धक्क्यावरच्या दगडावर बसलेला, मानसाचा एक आना नि पाटीचा अर्धा. धक्का म्हनतो मी, पन धक्का कसला, नुसता गाळ. ओहोटीला बाया डोक्यावर पाटी घेऊन मांडीएवढ्या गाळातून यायच्या, लुगडं वर धरायची लाज नि खाली सोडलं तर चिखल. बाप मुकादमाला म्हनायचा, चार दगड तरी टाका. मुकादम म्हनायचा, शेठला कळवतो. काय सांगू तुमाला, बाप म्हातारा झाला तवर तो कळवतच व्हता.

मंग देश स्वतंत्र झाला. फुडच्या साली नबाबाचं राज्य बी हिंदुस्थानात गेलं, मुरुडात मिरवनूक निघाली, मी त्या दिवशी होडीला आंब्याची डहाळी बांधून मानसं नेली. मला वाटलं, आता तर बी आपली झाली. कसली झाली. झेंडा बदलला, पन मुकादम त्याच दगडावर. म्हैन्याच्या म्हैन्याला जमलेला पैसा कापडी पिशवीत घालून तो लाँचनं जायाचा, नि ती पिशवी एकदा गेली की तिच्यातला एक आना बी मांडवखारला कधी परत दिसला न्हाय. माझा पगार बी निम्मा त्याच्याच दुकानातल्या तांदूळ-गुळात कापून.

त्याच सुमाराला माझं लगीन झालं. बायको द्वारकी, पल्याडच्या कोळीवाड्यातली. तोंडानं फटकळ, पन हिशोबाला पक्की. पहाटे मासळी घ्यायची, पाटी भरायची, माझ्याच होडीतनं मुरुडला जायाची नि नवऱ्याची होडी म्हनून मुकादम तिचा आना काय सोडायचा न्हाय.

चार-पाच वरसांनी आमच्या गावाला पंचायत आली, नि सरपंच झाला हसनभाय. हसनभाय आमच्याच गावच्या मोहल्ल्यातला, पन जल्म सगळा बोटीवर गेलेला, मोठ्या आगबोटींवर भंडारी व्हता, म्हंजे रांधायला. दुनिया बघून आलेला मानूस, पन बोलनं साधं. पयली सभा चावडीच्या फुडं झाली. मी मागं उभा व्हतो. हसनभाय म्हनाला, ह्या गावात पैसा येत न्हाय असं कोन म्हनतो? सुपारीचा येतो, भाताचा येतो, मासळीचा येतो, पोरं मुंबैला नि बोटीवर हायत त्यांच्या मनीआर्डरी येतात. येतो नि ऱ्हात न्हाय. मी बोटीवर रांधायची मोठी डेग चुलीवर चढवायचो तर माझा नेम व्हता, ज्यांच्यासाठी डेग चढली त्यांच्या ताटात आधी पडलं पायजे. हितं डेग आपन चढवतो नि ताटं वाढतात तिसऱ्या गावात, मंग बरकत कशी यायची? तरीचा मक्ता पंचायतीनं घ्यावा असं माझं म्हननं.

मंग गोमाजीबाबा उठला. हा कुनब्यांतला जुना जानता मानूस, पंचायतीत सभासद व्हता. तो म्हनाला, हसनभाय, मक्त्याची रक्कम सरकारात भरावी लागंल, मानसं पार झाली तरी नि न झाली तरी. पावसाळ्यात दोन-दोन आठवडे होडी सुटत न्हाय. तोटा आला तर कुनाच्या घरातनं भरनार? नि मास्तर, ही गोष्ट खरी व्हती. हसनभाय म्हनाला, बाबा, मला बी भ्या वाटतं. पन शेठला इतकी वरसं परवडतंय, ते काय त्याचं तोंड बघून दर्या त्याला देतो काय? एक वरस करून बघू. खूप बोलाचाली झाली, शेवटाला हात वर झाले, गोमाजीबाबाचा हात सगळ्यांत शेवटी वर आला, पन आला.

कचेरीत लिलाव झाला तवा मी बी गेलेलो. शेठचा मुकादम दोन-तीनदा बोलला नि मंग हसत गप बसला. बाहेर आल्यावर मला म्हनाला, धाकू, तुमचं गाव वरसभरात माझ्याकडं पाया पडत येतंय का न्हाय बघ. होडी शेठची व्हती, ती त्यानं त्याच संध्याकाळी सोडून नेली. आमच्याकडं तरीचा मक्ता आला, पन होडीच न्हाय.

आता मुरुडला एक जुनी होडी इकायला व्हती, सस्त्यात. निम्मं गाव म्हनालं, ती घ्या. हसनभाय आडून बसला की होडी पांडू सुतार करनार. पांडू म्हंजे आमच्या गावचा पांडुरंग, बापाच्या हाताखाली ल्हान होड्या केलेला, पन बाप गेल्यापासून त्याला काम कुठलं, कुनाचं दार दुरुस्त कर, कुनाचा नांगर. तो मुंबैला जायाच्याच इचारात व्हता. लोक हसनभायवर उखडले, म्हनाले, तयार होडी पानी कापत उभी हाय नि तुमी झाड तोडायला निघालात? हसनभाय म्हनाला, जुनी घेतली तर पैसा मुरुडला गेला नि फळी फुटली की परत मुरुडला जायाचं. पांडूनं केली तर पैसा पांडूच्या घरात, नि फळी फुटली तर पांडू हितंच.

गोमाजीबाबाच्या खळ्याजवळ उंडीचं जुनं झाड व्हतं, होडीला पक्कं लाकूड, ते त्यानं दिलं, त्याचे पैसे त्याला मिळाले. खिळे आमच्याच लोहाराचे. तवर मी कुनाची तरी मासेमारीची होडी उसनी घेऊन मानसं ने-आन करायचो, ती येवढीशी, मानसं शिव्या घालायची. पांडू सावकाश काम करनारा. फळी तासायचा, लांब जाऊन बघायचा, परत तासायचा. मी म्हनायचो, आरं पांडू, दर्या आटंल. तो म्हनायचा, धाकूदादा, बसनारी मानसं आपली हायत ना?

होडी पान्यात लोटली त्या दिवशी गोमाजीबाबानं नारळ फोडला, हसनभायनं दुआ मागितली, नि पयल्याच खेपेला तळातनं पानी आलं. पांडूचं तोंड असं उतरलं! दुसऱ्या दिवशी फटीत कापूस नि राळ भरली, नि त्यानंतर ती होडी जी बसली, ती अजून हाय.

ते पयलं वरस काय सांगू तुमाला. मक्त्याची रक्कम भरून वर उरलं. मला नि दुसऱ्या वल्ह्यावरच्या माझ्या जोडीदाराला रोख पगार, नि उरलेल्याचा हसनभायनं धक्का काढला. दगड आमच्याच डोंगरातला, फोडनारे आमच्याच वाडीतले पाथरवट, वाहनारे कुनबी गडी. पान्यापासून वर पायऱ्या चढायला लागल्या. नि एक गंमत झाली ती मला कळलीच न्हाय, द्वारकीला कळली. पांडूची आय मासळी कधी घ्यायची न्हाय, सनासुदीला घेतली तर घेतली, ती आता एक दिवसाआड हाक मारायची, ए द्वारके, काय हाय आज? पाथरवटांच्या बाया घ्यायला लागल्या. धक्क्यावर येईतवर तिची पाटी निम्मी रिकामी व्हायची. उरलेली मुरुडला झटक्यात खपायची नि ती दुपारच्या आत घरी. तिनं त्या साली गावच्या शिंप्याकडं दोन चोळ्या शिवल्या, नि शिंप्याच्या बायकोनं तिच्याकडनं सुके बोंबील घेतले. तवा आमी असा इचार केला न्हाय की हे कुठनं आलं. बरे दिवस आले, एवढंच.

दुसऱ्या वरसाला बी मक्ता पंचायतीनंच घेतला, नि दिवाळी झाल्यावर शेठची होडी आली.

शेठचा मीठ-इटांचा धंदा बी व्हता, तर त्याची मोठी शिडाची होडी माल उतरायच्या निमित्तानं आमच्या धक्क्याच्या थोडी वरच्या अंगाला लागली, नि मुकादम काठावर उभा ऱ्हाऊन वरडायला लागला, या, या, पल्याड चला, फुकट! एक पैसा नको! मक्ता पंचायतीचा, म्हनून त्याला पैसे घेता येत नव्हते, पन फुकट न्यायला अडवनार कोन? पयल्या दिवशी पोरंटोरं गेली मजा म्हनून. मंग मोठी मानसं. आठवड्याभरात माझी होडी रिकामी. मी वल्हं मांडीवर घेऊन बसायचो नि समोरनं शेठची होडी मानसांनी भरून जायाची, त्यातले काही जन माझ्याकडं बघायचे न्हाय, नि काही जन हात करायचे, त्या हात करन्याचाच जास्त राग यायचा.

नि एक दिवस त्या होडीत द्वारकी. पाटी डोक्यावर घेऊन सरळ माझ्या होडीवरनं फुडं गेली नि त्या फळीवर चढली. घरी आल्यावर मी म्हनालो, तुला लाज न्हाय? नवरा हितं माशा मारत बसलाय नि तू शेठच्या होडीत? ती म्हनाली, लाज कशाची? आना पंचायतीला, अर्धा आना पाटीचा, तो काय तू देनार हायस? तो माझ्याच पोरांच्या पेजेतनं जातो. फुकट नेतोय तर मी का न्हाय जाऊ? तुझ्या होडीला पैसे देऊन मी माझ्या चुलीला चिमटा काढू? मी म्हनालो, आजच फुकट हाय, उद्या बघ. ती म्हनाली, उद्याचं उद्या, मासळी आजची हाय. खरं सांगतो, तिचं बोलनं खोटं नव्हतं.

मुकादम एक दिवस माझ्याकडं आला, गोड बोलला. म्हनाला, धाकू, ये आमच्या होडीवर, पगार वाढवून देतो, ही पंचायत काय टिकत न्हाय. मी न्हाय म्हनालो. फार मोठा इचार करून न्हाय हां, उगाच खोटं कशाला सांगू. पांडू ती होडी तासत असताना मी रोज समोर बसलेलो, तिची प्रत्येक फळी मला ठावी. ती टाकून जायाला पाय उचलंना.

पन पंचायतीकडं पैसा येईना. धक्क्याचं काम थांबलं, पायऱ्या अर्ध्यावर, खाली परत गाळ. पाथरवट घरी बसले. पंचायतीनं पांडूला दुसरी होडी सांगितली व्हती, ती बी थांबली, नि पांडूनं हत्यारांची पेटी बांधली, गनपतीच्या देवळात नारळ ठेवला, मुंबैला जातो म्हनाला.

नि एक दिवस द्वारकी दुपार टळून गेल्यावर घरी आली, पाटीत मांदेली तशीच. मुरुडात उशीर झाला, पडेल भावात बी कुनी घेतली न्हाय, म्हनाली. मासळी साफ करायला बसली मिठात घालायला. मंग म्हनाली, आज पांडूच्या आयनं दार बी उघडलं न्हाय. मी म्हनालो, बरं नसंल तिला. ती म्हनाली, बरं हाय, चुलीचा धूर दिसत व्हता. वाडीतल्या बायांनी बी न्हाय घेतली, म्हनाल्या, काम न्हाय ग बाय, मासळी कुठनं खायाची. सगळी पाटी मुरुडला न्यावी लागती नि तितं एवढी खपत न्हाय. तिनं हातातली मांदेली खाली ठेवली नि म्हनाली, म्हंजे तो मेला फुकट नेतो नि माझी पाटी रिकामी करनारी मानसंच उपाशी मारतो. फुकट कसलं हे?

फुडच्या सभेला गर्दी झाली. तरनी पोरं पेटलेली, म्हनाली, शेठची होडी काठाला लागूच द्यायची न्हाय, दगड मारू. हसनभाय म्हनाला, न्हाय. कुनाचे पाय अडवायचे न्हायत. जे आपल्या होडीत येत न्हायत ते बी आपलेच हायत, त्यांना दगड मारनार? मंग करायचं काय ते सांगा, असा गलका झाला. हसनभाय म्हनाला, मला बी कळत न्हाय, बोला कुनीतरी. तवा बायांच्या मागनं द्वारकी उठली. सभेत बाईमानूस बोलायची रीत नव्हती, मी तिला हातानं बस बस म्हनत व्हतो, ती माझ्याकडं बघंना.

ती म्हनाली, हसनभाय, मी बी फुकटच्या होडीत गेले, मी लपवत न्हाय. का गेले ते आयका. रोज सकाळी मासळी इकायच्या आधीच आना द्यावा लागतो, तवा कनवटीला काय नसतं. नि पाटीचा वेगळा अर्धा आना तुमी बी घेता, मंग तुमच्यात नि मुकादमात आमाला काय फरक? आमी न्हाव्याला रोज पैसे देतो काय? सुताराला, लोहाराला रोज देतो काय? भात आलं की खळ्यावर एकदाच देतो. आपली तर बी तशीच करा. घरटी वरसाला एकदा भात द्यायचं, नि मंग वरसभर घरातलं कुनी बी, पाटी घेऊन बी, होडीत बसावं, कुनी हात पसरायचा न्हाय. ज्याला शेत न्हाय त्यानं सुकी मासळी द्यावी, सुपारी द्यावी, चार दिवस दगड वाहावेत.

गोमाजीबाबा पयला हसला. म्हनाला, पोरी, हे आमाला का सुचलं न्हाय? हसनभाय म्हनाला, बाबा, आपन पाटी घेऊन कधी गेलो? नि त्यानं तितंच सगळ्यांना इचारून ते ठरवलं. एक गोष्ट मात्र त्यानं वर घातली. ज्याला द्यायचं न्हाय त्यानं देऊ नये, त्याला कुनी टोचून बोलायचं न्हाय.

भात झोडून झालं व्हतं. दुसऱ्या दिवसापासून चावडीत टोपल्या यायला लागल्या. मला वाटलं व्हतं अर्धं गाव येईल, पन बघता बघता खोली भरली. मोहल्ल्यातल्या बायांनी पोरांच्या डोक्यावर दिलं, कोळीवाड्यातनं सुके बोंबील नि जवळा आला, एका म्हातारीनं परसातली सुपारी आनली नि म्हनाली, मी काय पल्याड जात न्हाय, पन घ्या. त्यातलं भात माझ्या पगाराला, पाथरवटांच्या मजुरीला, नि उरलेलं इकून मक्त्याची रक्कम. मी धावत पांडूकडं गेलो. तो पेटी घेऊन निघायच्याच बेतात. मी म्हनालो, पेटी खाली ठेव, दुसऱ्या होडीचं ठरलंय. त्याची आय आतनं बाहेर आली, त्याच्या हातनं पेटी घेऊन आत गेली.

आता घरातनं भात एकदा देऊन झालेलं, मंग फुकटच्या होडीचं कुनाला काय? मानसं आपली पायाजवळच्या धक्क्यावर यायला लागली. मुकादम काही दिवस वरडला, मंग नुसता उभा ऱ्हायचा. दोन-तीन घरं त्याच्याकडंच जात ऱ्हायली, त्यांना कुनी काय म्हनालं न्हाय. शिमगा झाल्यावर शेठची होडी माल घेऊन गेली ती परत मानसांसाठी आली न्हाय. जाताना मुकादम माझ्याच होडीत बसून पल्याड गेला. बापडा, त्याची बी नोकरीच व्हती. त्यानं आना फुडं केला, परगावच्या मानसाला आना व्हताच, मी घेतला.

पायऱ्या पुऱ्या झाल्या. मंग पांडूच्या होड्या दुसऱ्या गावांनी बी मागितल्या, त्याच्या हाताखाली पोरं आली. शेजारच्या एका गावानं आमच्यासारखं भात गोळा करायचं केलं, पन तितं सरपंचानं सगळं काम आपल्या भावाला दिलं, ते चाललं न्हाय. म्हंजे नुसती रीत उचलून व्हत न्हाय, मानसं बी तशी लागतात. आमच्याकडं बी सगळं सोन्याचं न्हाय हां. एका साली भात पिकलंच न्हाय, तवा मी तीन म्हैने निम्म्या पगारावर काढले. भांडनं झाली. तरन्या पोरांतली बरीच मुंबैला गेलीच, गिरनीचा पगार आमची खाडी कुठनं देनार?

हसनभाय दोन वरसांमागं गेला. म्हयताला सगळी आळी, सगळा मोहल्ला, पल्याडची मानसं सुद्धा आली. आता सरपंच दुसरा हाय, बरा हाय. पांडू पंचायतीत बसतो, केस पिकले त्याचे. माझा खांदा धरलाय, वल्हं थोरला पोरगा मारतो, मी हितं पायरीवर बसतो. द्वारकी अजून पाटी घेती, ऐकत न्हाय.

आता वरच्या अंगाला खाडीवर पूल व्हनार म्हनतात. मापं घ्यायला मानसं आली व्हती, काठावर झेंडे रोवून गेली. एसटी थेट मुरुडला जाईल. सायेब गावात आला, सभा झाली, तवा पांडू उठला नि म्हनाला, पूल करा, आमी न्हाय म्हनत न्हाय, पन दगड आमच्या डोंगराचा घ्या नि दगड फोडायला, वाहायला आमची मानसं घ्या. सायेब म्हनाला, ठेकेदाराला सांगून बघतो. पांडू म्हनाला, तुमी सांगून बघा, आमी कचेरीत येऊन बसतो. काय व्हतंय कोन जानं. मिळंल, न मिळंल, पन मागायचं आता गावाला कळतंय.

पूल झाला की तर बंद. पोरगा इचारतो, बाबा, मंग मी काय करू? पन मला पूल व्हावा असंच वाटतं. पावसाळ्यात बाळंतपनाला अडलेली बाय होडीत घालून नेताना लाटा बघून माझा जीव कितीदा गोळा झालाय, ते माझं मला ठावं. लेकीसुना चाकावर बसून कोरड्या अंगानं दवाखान्यात जाऊ देत. तरीनं आमाला खायाला घातलं, तिचं काम झालं. पोरगा हुशार हाय, हाताला काम शोधंल, नि गावात काम असंल तर तो गावात ऱ्हाईल. तुमी लिवताय ते लिवा, मास्तर. तुमच्या हाताला यश येवो, नि तुमच्या गावाला बी चार बरी मानसं मिळोत.